भोंगा

झुल्मिराचं लग्न, म्हणून ओल्यांवला जमलो आम्ही चौघी.
तिचं तिसरं. वय अठ्ठ्याहत्तर.
नवरा मुलगा एक्क्याऐंशीचा, नाव बेल्मिरो.
अकॉर्डियन वाजवतो. गुडघेही वाजतात त्याचे.
झुल्मिरा म्हणते, तालात वाजतात.

फिलोमेना लिस्बनहून आली,
चार तास गाडीच्या दारापाशी पेटीवर बसून,
न जाणो, उतरायचं राहून गेलं तर.
एर्मेलिंदा फ्रान्सहून, मुलाकडून, जांभळे केस घेऊन.
"जांभळे कुठले! राखाडीच सांगितले होते मी.
त्या बाईला माझं फ्रेंच कळलं नाही."
ग्रासिंदा तीन गल्ल्या पलीकडे राहते,
ती सगळ्यांत उशिरा पोचली.
आणि मी, देओलिंदा. मी आहे तशीच आहे,
फक्त रात्री माझे दात वेगळे झोपतात.

आदल्या रात्री धिंगाणा घालायचा ठरला होता.
बाटली आणली होती, टेबल सरकवून जागा केली होती.
साडेनऊला एर्मेलिंदा नाचता नाचता कपाटावर आदळली
आणि चौघींचे गोळ्यांचे डबे
धाडकन फरशीवर.
पांढरी कुणाची? अर्धी गुलाबी कुणाची?
ही रक्तदाबाची की मिंटची?
बसलो फतकल मारून निवडायला,
आणि हात आपोआप चालू लागले,
मोठी इकडे, बारकी तिकडे, फुटकी बाजूला,
बांगडा नाही, तारली नाही, तरी तोच वेग,
बोलणं चालू, नजर दुसरीकडेच.
सकाळी चौघी जिवंत उठलो,
म्हणजे निवड बरोबर असणार.

निघताना ग्रासिंदानं लिंबू कापलं.
कुणी काही बोललं नाही.
चौघींनी हात पुढे केले, बोटांच्या बेचक्यांतून चोळलं,
पूर्वी नाचाला जाताना चोळायचो तसं,
मुलांना आमचा वास येऊ नये म्हणून.
यायचाच.

चर्चमध्ये पाद्री कोवळा, माझ्या नातवाच्या वयाचा.
त्यानं घसा खाकरून विचारलं,
या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला.
शांतता.
आणि फिलोमेनाचं कानातलं यंत्र शिटी मारू लागलं.
बारीक सुरुवात, मग चढत चढत, मग लांबलचक एकच सूर.

आता तुम्हाला कसं सांगावं.
गावात तेव्हा कारखाने वीस, भोंगे वीस,
आणि झोपेतही आम्हाला आमचा कळायचा.
होडी लागली की वाजायचा,
रात्री दोनला, सूप ओठांशी असताना,
नवरा लाडात आलेला असताना.
ग्रासिंदा एकदा कळा येत असताना
निम्मा जिना उतरली होती.

तर आम्ही उठलो.
चौघी एकदम, ताठ, पाकिटं काखेत.
पाद्री पांढराफटक.
चार हरकती त्याला कुठल्याच पुस्तकात शिकवल्या नव्हत्या.
मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं,
"बेल्मिरो, बाबा, काय काय करून ठेवलंयस तरुणपणी?"

पण बेल्मिरोचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच.
त्याची नवरी घागरा गुडघ्यापर्यंत उचलून
निम्म्या वाटेवर पोचली होती,
दाराकडे तोंड, फुलं पायरीवर टाकलेली.

"झुल्मिरा," तो म्हणाला, अगदी हळू,
"कारखाना बंद होऊन बत्तीस वर्षं झाली. ये परत."

ती थांबली. आमच्याकडे पाहिलं.
मग जी हसत सुटली
की पाद्र्यानं घाईघाईनं तोच होकार समजून घेतला.

जेवणात तारल्या होत्या, कोळशावरच्या.
पाहुण्यांनी मिटक्या मारल्या. आम्ही कोंबडी मागितली.
बेल्मिरोनं तीन गाणी वाजवली, चौथ्याला डुलकी लागली,
अकॉर्डियननं त्याच्या पोटावर मोठा सुस्कारा सोडला.

कारखान्याच्या जागी आता हॉटेल आहे,
आमची खोली तिथेच.
जिथे डबे मोजायचो तिथे सकाळी न्याहारी मिळते,
वाढणारी पोर "मॅडम" म्हणते.

रात्री दोनला यंत्र पुन्हा वाजलं. टेबलावरच्या वाटीत,
बंद करायचं राहिलेलं.
कुणी हललं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं.
बाथरूमच्या दाराशी चौघींची रांग,
हातात आपापल्या चपला,
आणि ग्रासिंदा, नेहमीप्रमाणे, शेवटी.